जुनं इंजिन काढण्याआधी
(मोठ्या मॉडेल विमानांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नवीन पेट्रोल इंजिन मागायला कुणी आलं की आमचा पहिला प्रश्न विक्रेत्याला न शोभणारा असतो: जुनं खरंच गेलंय का? पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक होतो. मग इंजिन सुरू होतं, पण थ्रॉटल वाढवला की मान टाकतं. इग्निशन बंद करून प्रॉप (पुढचा फिरणारा पंखा) हाताने फिरवून बघा. दाब चांगला लागत असेल तर आधी कार्ब्युरेटरचं किट बदला. नव्या इंजिनाच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

इंजिन बदलायचंच ठरलं तर सीसीचा विचार नंतर, आधी टेप हातात घ्या. फायरवॉलपासून (इंजिन ज्यावर बसतं ती पुढची भिंत) स्पिनरच्या (प्रॉपच्या मधलं टोकदार झाकण) मागच्या चकतीपर्यंतचं अंतर मोजा. नवीन इंजिन आखूड असेल तर लांब स्टँडऑफ (इंजिन फायरवॉलपासून पुढे धरणारे खांब) लावून भागतं. लांब असेल तर मात्र काउल (इंजिनावरचं आवरण) पुढे सरकवावा लागतो किंवा फायरवॉलला हात घालावा लागतो, आणि ते काम दिसतं तितकं सोपं नाही. बोल्टच्या भोकांचं अंतरही लिहून ठेवा. कार्ब्युरेटर बाजूला आहे की मागे, तेही बघा. मागे असेल तर त्याला हवा ओढायला आणि चोकचा दांडा फिरायला जागा लागते. एका विमानात सगळं बसलं होतं, फक्त थ्रॉटलचा दांडा पूर्ण उघडताना स्टँडऑफला अडत होता. काउल चढवल्यावर ते दिसलंच नसतं.

आता वजन. समजा नवीन इंजिन 300 ग्रॅमने जड आहे आणि समतोल बिंदूच्या 30 सेंटिमीटर पुढे बसतंय. शेपूट त्या बिंदूच्या 90 सेंटिमीटर मागे असेल, तर तिथे 100 ग्रॅम शिसं घालावं लागेल, म्हणजे एकूण 400 ग्रॅमचा बोजा वाढला. शिसं घालण्याआधी बॅटऱ्या मागे सरकवून बघा. ‘थोडं मोठं घेतलेलं बरं’ हा हिशेब आम्हाला म्हणूनच फारसा पटत नाही. शिवाय 35 सीसीचा 20 इंची प्रॉप काढून 55 सीसीसाठी 23 इंची लावला, तर त्याचं टोक आधीपेक्षा सुमारे पावणेचार सेंटिमीटरने जमिनीच्या जवळ येतं. चाकं तेवढी उंच आहेत का?

जुन्या झेनोआ जी-62 सारखं मॅग्नेटोचं (बॅटरीशिवाय, फिरत्या चुंबकाने ठिणगी पाडणारं) इंजिन काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं बसवत असाल, तर हाताने सुरू करणं सोपं होतं. पण इग्निशनचा डबा, त्याची बॅटरी आणि वेगळा स्विच यांना जागा लागते. वजन करताना हे सगळं धरायचं, नुसतं इंजिन नाही. रिसीव्हर या वायरिंगपासून शक्य तितका लांब ठेवा. थ्रॉटलची काडी धातूची नको, कारण तिच्यातून इग्निशनचा त्रास रेडिओपर्यंत पोचू शकतो.

ग्लो इंजिनावरून (मिथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या) पेट्रोलवर येणाऱ्यांनी टाकीतली सिलिकॉनची नळी आणि बूच दोन्ही बदलावेत. पेट्रोलने सिलिकॉन फुगतं.

काउलमधून हवा बाहेर पडायची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी हवी. आत आलेली हवा सिलिंडर थंड ठेवणाऱ्या त्याच्या पातळ पंखांमधूनच जावी म्हणून पातळ प्लायवूडचा आडोसा लावा. जुना मफलर नव्या इंजिनाला बसेल असं गृहीत धरू नका.

आमच्याकडे येताना विमानाचं वजन, वरची मापं, सध्याच्या प्रॉपचा आकार आणि काउल काढून समोरून व बाजूने घेतलेले फोटो आणा. विमानच आणलंत तर सगळ्यात उत्तम.