ॲस्परॅगस : परसबागेतील लागवड

कोवळ्या कोंबांसाठी लावली जाणारी बहुवर्षायू भाजी. कुल ॲस्परॅगेसी, शास्त्रीय नाव ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस. आपली शतावरी (ॲ. रेसिमोसस) याच प्रजातीतली (जीनसमधली), पण वेगळ्या जातीची, तिच्या मुळांना औषधात मान आहे आणि पावसाळ्यात तिचे कोंब रानभाजी म्हणून खाल्ले जातात. दोन्ही वनस्पती वेगळ्या आहेत, त्यामुळे रोपे घेताना गल्लत होऊ देऊ नये.

यूरोप व उत्तर अमेरिकेतील परसबागांत ॲस्परॅगसचा वाफा एकदा केला की तो पंधरा-वीस वर्षे तिथेच राहतो. म्हणून जागा भरपूर उन्हाची व निचऱ्याची निवडतात, माती सामू (पीएच) ६.५ ते ७ च्या आसपासची पसंत करतात आणि हरळीसारखे चिवट तण आधीच मुळासकट काढतात. पुढे खोल खणायची सोय उरत नाही.

बियांपासूनही रोपे होतात, पण बहुतेक जण एक वर्षाचे गड्डे (मुळांसह जमिनीखालचे खोड) लावतात. १५–२० सेंमी. खोल चर काढून मधोमध मातीचा लहान वरंबा करतात, त्यावर ३०–४५ सेंमी. अंतराने गड्डे ठेवून मुळे दोन्ही अंगांना कोळ्याच्या पायांसारखी पसरतात. सुरुवातीला जेमतेम ५ सेंमी. माती टाकतात, कोंब वाढतील तसा चर भरत जातात.

पहिल्या वर्षी एकही कोंब तोडत नाहीत, दुसऱ्या वर्षी फारच थोडे. खरी काढणी तिसऱ्या वर्षापासून. कोंब मुळांतल्या साठ्यावर वाढतो. तो साठा भरतो न तोडलेल्या कोंबांच्या नेच्यासारख्या हिरव्या पसाऱ्यातून. (त्यातल्या सुईसारख्या हिरव्या काड्या पाने नव्हेत, पर्णकांडे म्हणजे पानांचे काम करणारी खोडे आहेत.) त्यामुळे १५–२० सेंमी. उंचीचे, टोक न उमललेले कोंब सहा ते आठ आठवडेच कापायचे आणि मग हात आवरायचा. जर्मनीत २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, काढणी थांबवण्याची रीत आहे. पसारा पिवळा पडल्यावरच जमिनीलगत छाटतात.

नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. मादी झाडांची शक्ती लाल फळांत खर्च होते, शिवाय बिया पडून नको तिथे रोपे उगवतात. म्हणून अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाने काढलेल्या ‘जर्सी’ मालिकेतील नर संकरित वाणांना मागणी असते. पांढरा ॲस्परॅगस हा वेगळा वाण असावाच लागतो असे नाही. मातीची भर घालून कोंब उजेडाआड ठेवले की हरितद्रव्य तयार होत नाही, इतकेच. ॲस्परॅगस भुंगेरे, तांबेरा आणि फ्युजेरियम बुरशीमुळे होणारी मर व मूळकूज हे नेहमीचे शत्रू.

उष्ण प्रदेशात झाडाला हिवाळ्याची झोप मिळत नाही आणि वरचे वेळापत्रक कोलमडते. तैवान व थायलंडमध्ये त्यावर ‘मातृकांड’ पद्धत वापरतात : प्रत्येक गड्ड्याची मोजकी खोडे वाढू देऊन बाकीचे कोंब दीर्घकाळ कापत राहतात. महाराष्ट्रातल्या हौशी बागकामकऱ्याने हीच पद्धत धरावी, आणि काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत चराऐवजी उंच गादीवाफा करावा. नाहीतर पावसाळ्यात गड्डे कुजतात.