मोटारीच्या रंगावरील हलके ओरखडे: घरगुती दुरुस्ती

मोटारीच्या रंगाच्या सर्वांत वरच्या पारदर्शक थरात (क्लिअर कोट) पडलेले उथळ चरे बारीक अपघर्षकाने घासून दिसेनासे करण्याची पद्धत. गॅरेजच्या बोलीत हे ‘रबिंग-पॉलिश’. पत्रा ठोकणे, लांबी (पुट्टी) भरणे, फवाऱ्याने रंग मारणे ही डेंटिंग-पेंटिंगची कामे यात मोडत नाहीत. घासल्याने चरा भरून येत नाही. सुतार फळीवरची खाच रंधा मारून घालवतो, तसा चऱ्याभोवतीचा थर त्याच्या तळापर्यंत उतरवला जातो. उतरवलेला थर परत येत नसल्यामुळे कुठे थांबायचे हे कळणे हेच यातले मुख्य कौशल्य होय.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर कारखान्यात साधारण चार थर चढवलेले असतात. तळाशी विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर (रंगाखालचे अस्तर), मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि शेवटी क्लिअर कोट. सर्वांची मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि तीत क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन असतो. चकाकी याच थराची. खालचा बेस कोट स्वतः निस्तेज असतो. सूर्याचे अतिनील किरण शोषणारी द्रव्येही क्लिअर कोटमध्येच असतात. वारंवार घासून तो पातळ झाला, की काही वर्षांनी बॉनेटवर आणि टपावर, म्हणजे ऊन थेट पडते तिथे, रंग विटतो आणि पांढरट पापुद्रे सुटू लागतात. मग पॉलिशचा काही उपयोग होत नाही. जुन्या ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीवर मूळ रंग एकेरी असे, पारदर्शक थर नसे. अशी गाडी घासताना फडक्याला रंग लागला तर घाबरण्याचे कारण नाही. नव्या गाडीच्या बाबतीत मात्र तसे होणे म्हणजे क्लिअर कोट संपल्याची खूण.

हलक्या चऱ्यांचे सर्वांत मोठे कारण अपघात हे नसून पुसणे हे आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पहाटे एक बादली आणि एक फडके एवढ्या सामग्रीवर ओळीने गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची धूळ फडक्याबरोबर पुढच्या गाडीवर जाते, आणि त्या धुळीतील वाळूचे कण रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. यात पुसणाऱ्याचा दोष थोडा. महिन्याला ठरवून दिलेल्या किरकोळ पैशांत प्रत्येक गाडीला ताजे पाणी कोण देणार? असे चरे उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल दिसतात. वास्तविक ते सर्व दिशांना पसरलेले असतात. त्यांतले जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. काळ्या आणि गडद रंगांवर ते ठळक दिसतात, पांढऱ्या गाडीवर लपून जातात.

काम हाती घेण्यापूर्वी चऱ्याची खोली पाहावी लागते. जागा पाण्याने ओली केल्यावर चरा नाहीसा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे असे समजावे. नख आडवे फिरवल्यावर अडकले, तर पॉलिशने तो पूर्ण जाणार नाही. तळाशी पांढरे किंवा करडे दिसले तर प्रायमर उघडा पडला आहे. आणखी एक शक्यता बहुतेक लोक विसरतात: पार्किंगच्या खांबाला घासून उमटलेला पिवळा किंवा पांढरा पट्टा पुष्कळदा ओरखडा नसतोच, खांबाचा रंग गाडीवर चिकटलेला असतो. मऊ फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसले की तो बराचसा निघून जातो आणि खाली खरे नुकसान किती आहे ते कळते.

घासण्याआधी गाडी शाम्पूने नीट धुवावी. एक कण मागे राहिला तरी नवे चरे पडतात. काम सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करावे. दाराच्या कडा, बॉनेटच्या उठावदार रेषा आणि काळे प्लॅस्टिक यांवर मास्किंग टेप लावावी, कारण कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे पॉलिश घेऊन एका वेळी फूटभर लांबी-रुंदीचा भाग, आधी उभा मग आडवा, बेताच्या दाबाने घासावा आणि मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने पुसून पाहावे. सुरुवात नेहमी सौम्य पॉलिशने करावी. त्याने भागले नाही तरच कंपाउंडकडे, म्हणजे जास्त खरखरीत अपघर्षक असलेल्या लेपाकडे वळावे. दुकानदार बहुधा उलट सल्ला देतो. कंपाउंडने आलेला धूसरपणा पुन्हा बारीक पॉलिशने काढावा लागतो. पॉलिशमधले तेल चऱ्यांत साचून काम झाल्याचा भास निर्माण करते, म्हणून शेवटी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच निकाल ठरवावा. त्यानंतर मेण किंवा सीलंट (रंगावर संरक्षक थर देणारे कृत्रिम द्रव्य) लावतात. मेणाने चरा जात नाही, तो झाकला जातो.

यंत्र वापरायचे असल्यास नवख्याने ड्युअल ॲक्शन पॉलिशर (पॅड फिरवता फिरवता डोलवणारा) घ्यावा. गॅरेजमधला, पॅड नुसते गरगर फिरवणारा रोटरी बफर एकाच जागी उष्णता साठवतो आणि कडेवर काही क्षणांत रंग जाळू शकतो.

टूथपेस्टचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तिच्यात सौम्य अपघर्षक असतो, त्यामुळे अगदी वरवरची धूसरता कमी होतेही. पण ती दातांसाठी बनवलेली आहे आणि तयार पॉलिश महाग नसताना तिचा आग्रह कशाला, हे कळत नाही. रॉकेलचा बोळा किंवा खोबरेल तेल यांनी येणारी चमक पुढच्या धुण्यापर्यंतच टिकते. भांडी घासायच्या हिरव्या काथ्याने डाग काढण्याचा प्रयत्न तर हमखास नवे चरे पाडून काम वाढवतो.

रंगाच्या थरापर्यंत पोचलेल्या बारीक चऱ्यासाठी टच-अप रंग मिळतो. त्याचा कोड गाडीच्या दारामागच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. टूथपिकच्या टोकाने पातळ थर, प्रत्येक थर वाळू देत, आजूबाजूच्या पातळीच्या किंचित वर येईतो भरतात. वर क्लिअरचा थेंब देऊन काही दिवस थांबतात. मग २००० ते ३००० क्रमांकाचा, म्हणजे अतिशय बारीक, वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) साबणाच्या पाण्यात भिजवून उंचवटा सपाट करतात आणि पॉलिश देतात. मेटॅलिक रंगात ही जागा तिरक्या उजेडात ओळखू येतेच, कारण त्यातील धातूचे कण फवाऱ्याने बसतात तसे टूथपिकने बसत नाहीत. तरीही कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या किनाऱ्याजवळ पत्रा उघडा पडला असेल तर दिसण्याचा विचार बाजूला ठेवून तो आधी झाकावा. खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्यास ही घाई नसते.

भारतात घरगुती दुरुस्तीकडे वळण्यामागे विम्याचाही हिशेब असतो. दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के सवलत मिळते. एका दाव्याने ती सहसा जाते, त्यामुळे एखाद्या दाराच्या चऱ्यासाठी दावा करणे अनेकदा तोट्याचे ठरते.

मॅट (मुद्दाम बिनचकाकीच्या) रंगाच्या गाडीला हे उपाय लागू नाहीत. घासलेली जागा चकाकू लागते आणि तो डाग कायमचा राहतो. निस्सान कंपनीने निप्पॉन पेंटच्या साहाय्याने विकसित केलेला, हलके चरे आपोआप भरून काढणारा लवचिक क्लिअर कोट २००५ मध्ये जाहीर केला. अलीकडे गाडीवर चिकटवल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पारदर्शक फिल्ममध्येही हा गुण आढळतो: ऊन किंवा गरम पाणी लागले की वरचे बारीक चरे मिटतात. फिल्म कापली गेली असेल तर मात्र तो भाग बदलावा लागतो.