मधोमध बेट असलं म्हणजे राउंडअबाऊट होत नाही

चौकात गोल बेट दिसलं की आपण त्याला राउंडअबाऊट म्हणून मोकळे होतो. पण जुना गोल चौक आणि आधुनिक राउंडअबाऊट यांची रचनाच वेगळी असते. सुरक्षिततेचे आकडे आहेत ते आधुनिक राउंडअबाऊटचे.

एकेक लेनचे चार रस्ते मिळणाऱ्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी भिडतात, त्यातल्या १६ ठिकाणी एकमेकांना आडवे छेदतात. सिग्नल त्यांच्या वेळा वेगळ्या करतो, छेद मात्र तसेच राहतात. कुणी लाल दिवा तोडला तर धडक थेट दाराच्या बाजूला बसते, तीही भर वेगात. एकलेनी राउंडअबाऊटमध्ये मार्ग भिडण्याचे बिंदू ८ उरतात: चार शिरण्याचे, चार बाहेर पडण्याचे. आडवा छेद एकही नाही. चूक झालीच तर गाड्या तिरक्या घासतात, तेही ताशी ३०-४० किलोमीटरला. आणि वेग निम्मा झाला की धडकेतली ऊर्जा पाव होते. अमेरिकेत २४ चौकांचे राउंडअबाऊट केल्यावर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण अपघात ३८ टक्के, तर माणसं जखमी होणारे अपघात ७६ टक्के घटलेले दिसले.

हे निव्वळ बेटामुळे होत नाही. पहिली अट अग्रक्रमाची: आत फिरणाऱ्याला आधी वाट, शिरणाऱ्याने थांबायचं. ब्रिटनने १९६६ मध्ये हा नियम केला. शिरणाऱ्याला आधी वाट दिली तर वर्तुळ आतून भरतं, बाहेर पडायला जागा उरत नाही आणि सगळंच अडकतं. दुसरी अट वळणाची, आणि फसगत होते ती इथेच. वाट इतकी वळवावी लागते की वेग कमी केल्याशिवाय शिरताच येऊ नये. जुन्या मोठ्या वर्तुळांत रस्ता कडेला स्पर्श करत सरळ आत जातो. गाडी सुसाट शिरते आणि आत लेन बदलण्याची झुंबड उडते. अशा ठिकाणी नुसत्या पाट्या लावून काही साधत नाही, प्रवेशाची कड तोडून नव्याने बांधावी लागते.

झेब्रा क्रॉसिंग प्रवेशरेषेच्या साधारण एक गाडी मागे हवं, म्हणजे चालक आधी पादचाऱ्याकडे बघतो, मग वर्तुळाकडे. दुभाजकावर थांबून एका वेळी एकाच दिशेची वाहतूक ओलांडता येते. कारंजी, बाकं बेटावर नकोत. ती माणसांना वाहतुकीतून मध्ये ओढतात.

दोन लेन झाल्या की फायदा घटतो. बाहेर पडणारी गाडी शेजारच्या लेनमधल्या सायकलस्वाराला आडवी जाते, आणि सिग्नल नसल्याने अंध व्यक्तीला निव्वळ आवाजावरून रस्ता मोकळा असल्याचा अंदाज येत नाही. तिथे ओलांडण्यासाठी बटणाचा सिग्नल लावावा.