फिजिओचा रिसर्च प्रोजेक्ट: परवानगी कशी घ्यायची, कुठले कागद लागतात

प्रोजेक्ट करायचा म्हटलं की बहुतेक मुलं आधी पेशंट शोधायला लागतात आणि तिथेच घोळ होतो. एथिक्स कमिटीचं (संशोधनात पेशंटचं हित जपलं जातंय ना हे बघणाऱ्या समितीचं) मंजुरीपत्र हातात यायच्या आधी घेतलेली रीडिंग्ज प्रोजेक्टमध्ये धरता येत नाहीत, मग ती कितीही नीट घेतलेली असू देत. म्हणून कागद आधी, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) नंतर.

अर्ज कोण करू शकतं? कोर्सला नाव असलेला विद्यार्थी, पण एकट्याने नाही, गाइड लागतोच, आणि बऱ्याच ठिकाणी मुख्य संशोधक म्हणून गाइडचंच नाव लागतं कारण पेशंटची जबाबदारी शेवटी त्यांच्यावर असते. त्यामुळे ज्यांना वेळ आहे असे गाइड बघा, विषय थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल.

कागद साधारण हेच: सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा), गाइड आणि विभागप्रमुखांची सही, जिथे पेशंट बघणार त्या जागेचं परवानगीपत्र, डेटा शीट, माहितीपत्रक आणि संमतीपत्र. कुठली प्रश्नावली कॉपीराइटवाली असेल तर ती वापरायची परवानगीसुद्धा जोडा, हे हमखास विसरतात. लहान मुलं असतील तर पालकांची संमती आणि समजण्याच्या वयाचं मूल असेल तर त्याचा स्वतःचा होकार, दोन्ही.

फाइल परत येते ती जास्त करून संमतीपत्रावरून. "प्रोप्रायोसेप्शन तपासले जाईल" हे पेशंटला काय कळणार, त्यापेक्षा "डोळे मिटून तुमचा गुडघा किती वाकलाय हे तुम्हाला सांगता येतं का ते बघू" असं लिहा ना. आणि एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, नाही म्हटलं तरी तुमची ट्रीटमेंट आहे तशीच चालू राहील. जो विद्यार्थी रोज व्यायाम करून घेतो तोच सही मागतो तेव्हा पेशंटला नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून शक्य असेल तर सही दुसऱ्या कोणीतरी घ्यावी.

सिनॉप्सिसमध्ये सॅम्पल साइज (किती पेशंट घेणार) "30 घेतले" एवढंच लिहू नका, आधीच्या कुठल्या पेपरवरून काढला ते दाखवा, मधेच सोडून जाणारेही धरा. मोजणार कसं तेही नीट लिहा. सहा मिनिटांच्या वॉक टेस्टला 30 मीटरचा सरळ कॉरिडॉर लागतो, 15 मीटरचाच असेल तर वळणं दुप्पट होतात, प्रत्येक वळणाला पेशंट थांबून फिरतो आणि अंतर कमी भरतं, मग जुन्या आकड्यांशी तुलना कशी करणार? गोनिओमीटर दोघं लावणार असाल तर आधी काही जणांवर दोघांची रीडिंग्ज जुळवून बघा.

ट्रीटमेंट देऊन परिणाम बघणार असाल तर अजून एक पायरी आहे, ट्रायल (म्हणजे असा अभ्यास) पब्लिक रजिस्ट्रीत, कोणालाही बघता येणाऱ्या नोंदवहीत, नोंदवणं, तेही पहिला पेशंट घ्यायच्या आधी. हेलसिंकी जाहीरनामा (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जागतिक नैतिक तत्त्वं) 1964 चा, त्यात ही अट 2008 च्या दुरुस्तीत आली, आणि नंतर केलेली नोंदणी बरेच जर्नल मान्य करत नाहीत.

मंजुरी मिळाल्यावर व्यायामाचे सेट वाढवले, वयोगट बदलला, काहीही बदललं तरी आधी कमिटीला लेखी कळवून होकार घ्यायचा. काम संपलं की क्लोजर रिपोर्ट द्यायचा, आणि सह्या केलेली संमतीपत्रं विभागात कुलपात ठेवायची, स्वतःच्या बॅगेत नाही.