नव्या गाडीवरील संरक्षण पॅकेज

नवी मोटारगाडी विकताना विक्रेता जे लेप, उपकरणे आणि हमीकरार एकत्र बांधून जादा पैसे घेऊन देतो, त्यांना संरक्षण पॅकेज म्हणतात. रंगावरचे सिरॅमिक किंवा टेफ्लॉन कोटिंग, गाडीच्या पोटाला गंजरोधक थर, सीटच्या कापडावर डागरोधक फवारा, टायरमध्ये नायट्रोजन, काचेवर कोरलेला चॅसिस नंबर, वाढीव वॉरंटी आणि कर्ज-तफावत विमा हे त्यातले नेहमीचे घटक. पॅकेज घ्यावे का, याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येते. त्यातली एखादी वस्तू मात्र सुटी घेतली, योग्य माणसाकडून घेतली, तर उपयोगी पडते. म्हणून पॅकेज सोडवून प्रत्येक घटक वेगळा तपासावा लागतो.

या व्यवसायाची सुरुवात खऱ्या गरजेतून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर अमेरिकेत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याची पद्धत रुळली आणि चांगल्या चालत्या गाड्यांचे पत्रे थोड्याच वर्षांत गंजून त्यांना भोके पडू लागली. कुर्ट झीबार्ट या जर्मनीत जन्मलेल्या मेकॅनिकच्या नावाने १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्ये सुरू झालेली कंपनी दारांच्या आणि सांगाड्याच्या पोकळ्यांत गंजरोधक लेप फवारून देत असे. त्या काळी त्यावर खर्च करणे शहाणपणाचे होते.

पुढे कारखान्यांनीच हे काम हाती घेतले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गाडीचा संपूर्ण सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून त्यात वीजप्रवाह सोडण्याची पद्धत पसरली. या प्रवाहामुळे प्रायमरचे कण सांध्याकोपऱ्यांतही चिकटतात आणि सांगाडा भट्टीत भाजला की सुमारे २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सलग थर तयार होतो. १९८०च्या दशकात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रेही सर्रास वापरात आले. आज बहुतेक उत्पादक पत्रा आरपार गंजण्याविरुद्ध कित्येक वर्षांची वॉरंटी गाडीच्या किमतीतच देतात. अशा गाडीला शोरूममध्ये फवारलेला थर फारशी भर घालत नाही. उलट काम हलगर्जीपणे झाले तर तोटाच होतो. फवारणीसाठी पत्र्याला भोक पाडले की कारखान्याचा सलग थर तुटतो, आणि दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे लेपाने बुजली की पाणी आतच साचते. जिथे रस्त्यांवर दर हिवाळ्यात मीठ पडते किंवा गाडी समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी असते, तिथे गाडीच्या पोटाला दरवर्षी पुन्हा देता येणारा तेल किंवा मेणाचा लेप खरोखर कामाचा आहे. तो गाडीची डिलिव्हरी घेतल्यावर कधीही, कुठेही करून घेता येतो.

काही विक्रेते गाडीत बसवून वीजप्रवाहाने गंज रोखण्याचा दावा करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्रही विकतात; त्याबद्दल इतक्या सौम्यपणे लिहिता येणार नाही. वीजप्रवाह सोडून लोखंडाचा गंज रोखण्याचे तंत्र खरे आहे, जहाजांच्या तळांवर आणि जमिनीखालच्या नळांवर ते रोज वापरले जाते. पण तिथे धातूभोवती सतत खारे पाणी किंवा ओली माती असते, आणि तिच्यातून प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण होते. गाडीभोवती हवा असते, म्हणून ते वर्तुळ पूर्णच होत नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने अशा एका यंत्राच्या उत्पादकावर दिशाभुलीबद्दल कारवाई केली होती. ज्या वस्तूमागचे विज्ञानच गाडीला लागू पडत नाही, ती कोणत्याही किमतीला महागच.

रंगाच्या संरक्षणात आज सर्वाधिक विक्री सिरॅमिक कोटिंगची होते. ते सिलिकायुक्त द्रव असते, सुकल्यावर रंगावर घट्ट बसते आणि पाणी, चिखल, पक्ष्यांची विष्ठा सहज धुतली जाईल असा गुळगुळीत पृष्ठभाग देते. हा फायदा खरा आहे. मात्र त्याची जाडी साधारण एक-दोन मायक्रॉनच असते, आणि त्याखालचा क्लियर कोट, म्हणजे रंगावरचा कारखान्यातला पारदर्शक थर, एकटाच ४० मायक्रॉनच्या आसपास भरतो. समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा एवढ्या पातळ थराने अडत नाही. जाहिरातीतला ‘९एच कठीणपणा’ पेन्सिलच्या शिशाने ओरखडा काढून पाहण्याच्या चाचणीतला असतो. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोहस मापनाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ९ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल, हा समज चुकीचा आहे.

कोटिंगपेक्षा त्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची. रंगावर चिकटलेली लोखंडी धूळ काढणे, पॉलिश करून बारीक ओरखडे घालवणे, मग कोटिंग लावून ते तासन् तास कोरडे राहू देणे हे निवांतपणे करण्याचे काम आहे. डिलिव्हरीच्या दिवशी घाईत लावलेले कोटिंग वाहतुकीत पडलेले ओरखडेही आत बंद करून टाकते. हेच काम चांगला डिटेलिंगवाला, म्हणजे गाडीची सखोल सफाई-पॉलिश करणारा कारागीर, वेळ देऊन करतो, आणि तो काय लावतो हे उभे राहून पाहताही येते. ‘टेफ्लॉन’ नावाने लावले जाणारे द्रव तर बहुधा मेण किंवा पॉलिमरचे पॉलिश असते. खऱ्या टेफ्लॉनचा थर धातूवर बसवायला ३०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते आणि तितक्या उष्णतेत गाडीचा रंग टिकणार नाही.

खडीपासून वाचवते ती पेंट प्रोटेक्शन फिल्म. पॉलियुरेथेनची ही पारदर्शक फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, खड्याचा मार स्वतः झेलते आणि खराब झाली की सोलून काढता येते. महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर आणि पुढच्या बंपरवर ती लावणे हा या यादीतला मला सर्वांत पटणारा खर्च आहे, अर्थात फिल्म कापण्यात आणि बसवण्यात हात बसलेल्या कारागिराकडूनच.

सीटवरच्या फवाऱ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तेच द्रव बाटलीत मिळते आणि ते घरी मारायला कौशल्य लागत नाही. काचेवर चॅसिस नंबर कोरण्याचेही तसेच. नायट्रोजनचा दावा मोजून पाहिला गेला आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ३१ प्रकारचे टायर वर्षभर ठेवून दिले. साध्या हवेचा दाब सरासरी ३.५ पीएसआयने उतरला, नायट्रोजनचा २.२ पीएसआयने. हा फरक इतका कमी आहे की नियमितपणे हवा तपासणाऱ्याला तो जाणवणारही नाही, आणि नायट्रोजन भरला म्हणून हवा तपासणे चुकत नाही.

वाढीव वॉरंटी आणि कर्ज-तफावत विमा यांचा हिशेब वेगळा, कारण इथे वस्तू नसून जोखीम विकली जाते. वाढीव वॉरंटी उत्पादकाची स्वतःची आहे की तिसऱ्याच कंपनीची, आणि ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांसारखे झिजणारे भाग वगळले आहेत का, हे करार वाचूनच कळते. ती सहसा मूळ वॉरंटी संपल्यावर लागू होते. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती नंतरही घेता येत असेल, तर पहिल्याच दिवशी सही करण्याची घाई कशाला? तफावत विमा अपघातात गाडी पूर्ण निकामी झाल्यास विम्याची भरपाई आणि उरलेले कर्ज यांतला फरक भरून देतो. अगदी कमी डाउन पेमेंट आणि लांब मुदतीचे कर्ज घेतलेल्याला तो खरेच आधार देऊ शकतो. पण ब्रिटनच्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या वित्तीय नियामक संस्थेने २०२४ मध्ये सांगितले की, तिथे या विम्याच्या हप्त्यांपैकी अवघे ६ टक्के दाव्यांपोटी परत जातात, आणि काही ठिकाणी ७० टक्क्यांपर्यंत रक्कम विकणाऱ्यांच्या कमिशनमध्ये जाते. त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी तिथली विक्री काही काळ थांबवली.

एरवी चोखंदळ असणारी माणसे हे सगळे का घेतात, याचे कारण विक्रीच्या क्षणात आहे. अ‍ॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना विचारले, की ५ डॉलर वाचवायला २० मिनिटे दूरच्या दुकानात जाल का? वस्तू १५ डॉलरची असताना ६८ टक्के ‘हो’ म्हणाले, १२५ डॉलरची असताना फक्त २९ टक्के. वाचणारी रक्कम तीच होती. गाडीच्या किमतीशेजारी पॅकेजचा आकडा असाच लहान दिसतो, आणि तो मासिक हप्त्यात मिसळला की दिसेनासाच होतो. १०० रुपयांचे पॅकेज वार्षिक ९ टक्के दराच्या कर्जात घालून ५ वर्षांत फेडले तर सुमारे १२५ रुपये पडतात, आणि त्यातले बरेच लेप कर्ज फिटण्याच्या कितीतरी आधी उतरलेले असतात. गाडीच्या विक्रीवर नफा कमी सुटतो म्हणून विक्रेता या जादा वस्तूंवर भर देतो. त्यामुळे त्यांच्या किमतीत घासाघीस करायला जागाही मोठी असते.

कायद्याचा हात इथे अजून अपुरा पडतो. ब्रिटनमध्ये २०१५ पासून विक्रेत्याला तफावत विम्याची माहिती दिल्यावर काही दिवस थांबावे लागते, म्हणजे ग्राहकाला इतरत्र भाव पाहायला सवड मिळते. हा नियम साधा आहे आणि फार उपयोगाचा आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला काहीच फायदा नसलेल्या जादा वस्तूंवर बंदी घालणारा नियम केला. हवेइतकाच नायट्रोजन असलेले ‘नायट्रोजन टायर’ आणि विजेवरच्या गाडीसाठी ऑइल बदलण्याचा करार ही त्यातली उदाहरणे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने प्रक्रियेतल्या त्रुटीवरून तो रद्द केला.

काही विक्रेते सगळ्या गाड्यांवर आधीच कोटिंग लावून ठेवतात आणि ते काढता येणार नाही म्हणून पैसे द्यावेच लागतील असे सांगतात. कोटिंग काढता येत नसले तरी त्याचे पैसे बिलातून काढता येतात, आणि ते काढण्याची मागणी बुकिंगची रक्कम भरण्याआधी, लेखी करावी. सही झाल्यानंतर डोळे उघडले तर वाढीव वॉरंटी आणि विमा हे करार पुष्कळदा ठरावीक मुदतीत रद्द करून पैसे परत मिळवता येतात; अशी तरतूद आहे का हे करारात पाहावे. लागलेल्या कोटिंगच्या बाबतीत तशी सोय सहसा नसते.