जमिनीतील जड धातू आणि ते शोषणाऱ्या वनस्पती : पार्श्वभूमी

तेल किंवा कीटकनाशके जमिनीत मुरली, तर जिवाणू कालांतराने त्यांचे विघटन करू शकतात. शिसे, कॅडमियम किंवा जस्त मात्र मूलद्रव्येच असल्याने ती नष्ट होत नाहीत. वनस्पतींनी ती शोषून घ्यावीत आणि मग पाला कापून न्यावा, अशा रीतीने ती उपसून काढण्याची कल्पना 1983 मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागातील रुफस चेनी यांनी मांडली, पण तिच्यामागचे निरीक्षण चारशे वर्षे जुने आहे.

आंद्रेआ चेसालपिनो या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1583 मध्ये तोस्काना प्रांतातील काळ्या खडकांवर वाढणाऱ्या एका लहान झुडपाची नोंद केली. निकेलचा शोधच 1751 मधला, त्यामुळे त्या खडकांत काय आहे हे त्याला कळणे शक्य नव्हते. पुढे 1948 मध्ये त्याच झुडपाच्या वाळलेल्या पानांत जवळपास 1 टक्का निकेल आढळले. याहून थक्क करणारा वृक्ष प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर आहे. त्याची साल कापली की निळसर हिरवा चीक वाहतो आणि वाळलेल्या चिकाचा सुमारे चौथा हिस्सा निकेल असतो, असे 1976 मध्ये प्रसिद्ध झाले. धातू असा प्रचंड प्रमाणात साठवणाऱ्या वनस्पतींना तेव्हापासून अतिसंचयी म्हटले जाऊ लागले.

चेनी यांच्या कल्पनेची शेतात परीक्षा इंग्लंडमधील वोबर्न येथे 1991 पासून सुरू झाली. तिथल्या जमिनीत पूर्वी सांडपाण्याचा गाळ घातलेला होता. जस्त शोषणारे रोप आपले काम चोख करते, पण ते वीतभर उंचीचे. एकरी पालाच इतका थोडा निघतो की जमीन स्वच्छ व्हायला वर्षानुवर्षे लागावीत. म्हणून भरघोस वाढणाऱ्या मोहरीकडे संशोधक वळले. शिसे मातीला घट्ट चिकटून असते, ते सुटावे म्हणून ईडीटीए हे रसायन मिसळले गेले आणि मोहरीने शिसे उचललेही. मात्र सुटलेले सगळेच शिसे मुळांना सापडत नाही, उरलेले पाण्याबरोबर भूजलात झिरपू शकते. माझ्या मते या उपायाचा गाजावाजा गरजेपेक्षा जास्त झाला.

फ्लोरिडात लाकूडप्रक्रियेमुळे दूषित झालेल्या जागी वाढणारे एक नेचे आर्सेनिकचा अतिसंचय करते, हे 2001 मध्ये जाहीर झाले. जुन्या चुन्याच्या भिंतींवर ते आपल्याकडेही उगवते. कापलेल्या पाल्याचे काय करायचे, हा प्रश्न तिथेही उरतोच. निकेल शोषलेला पाला जाळला, तर त्याच्या राखेतून धातू परत मिळवता येतो, आणि त्यासाठी अल्बानियात प्रायोगिक लागवडही झाली आहे. आर्सेनिकने भरलेली पाने मात्र घातक कचरा म्हणूनच हाताळावी लागतात.