मामा, गॉगल डोळे ओढतोय!

मे महिन्यात आक्काचा मुलगा सुट्टीला आमच्या गावी, कडोलीला आला होता. आमच्या घरची बाकी पोरं पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकली. हा बेळगावात, निळ्या फरशीच्या तलावात, कोचच्या शिट्टीवर शिकलेला. येताना पोहण्याचा नवा गॉगल घेऊन आला होता. विहिरीचं पाणी नितळ होतं, सकाळचं ऊन सरळ आत पडत होतं, तळ दिसत होता. मी रुपयाचं नाणं टाकलं आणि म्हटलं, "आण बघू वर."

पाणी चारेक मीटर असेल. पोरानं सूर मारला, तळाला हात लावला, नाणं न घेताच वर आला. पायरीला धरून पहिलं वाक्य म्हणाला, "मामा, गॉगल डोळे ओढतोय!" गॉगल काढला तर डोळ्यांभोवती दोन लाल वळी उमटलेली आणि उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात ज्वारीच्या दाण्याएवढा रक्ताचा डाग.

चूक माझी होती. पोहण्याचा गॉगल आणि खोल बुडीचं साधन या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्याला पाण्यात सोडण्याआधी मी सांगायला हवं होतं. आता तलावात पाण्याखालच्या सरावासाठी गॉगल घ्यायला निघालेल्या प्रत्येक आईबापांना सांगतो.

आधी गॉगल लागतोच कशाला ते पाहू. आपल्या डोळ्याची किरण वाकवण्याची ताकद सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात ते एकक) असते, आणि त्यातला दोन तृतीयांश वाटा एकट्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा. हा पडदा किरण वाकवतो तो पलीकडे हवा असते म्हणून. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे किरण वाकवण्याचं माप, १.३३ आणि कॉर्नियाचा १.३८ च्या आसपास. दोन्ही जवळजवळ सारखे, त्यामुळे किरण फारसे वाकतच नाहीत. चाळीसेक नंबरचा चष्मा एकदम काढून घेतल्यासारखं होतं आणि सगळं धूसर दिसतं. गॉगल फक्त डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा ठेवतो. कॉर्नियाला त्याची हवा परत मिळते, बस्स.

थायलंडच्या किनाऱ्यावरच्या मोकेन जमातीची मुलं समुद्रात गॉगलशिवाय शिंपले वेचतात. अ‍ॅना गिस्लेन यांनी २००३ साली त्यांची नजर तपासली, तेव्हा पाण्याखाली ती युरोपीय मुलांपेक्षा दुपटीहून बारीक तपशील ओळखत होती. ती बाहुली अगदी बारीक करतात आणि डोळ्यातलं भिंग फुगवतात. पुढे युरोपीय मुलांनाही सरावानं हे साधलं. मला ही गोष्ट फार आवडते, पण तलावात क्लोरिन असतं, त्यामुळे आपल्या पोरांना गॉगल हवाच.

आता तो हवेचा कप्पाच त्रास कसा देतो ते बघा. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. चार मीटरवर ०.४ वातावरण, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४०० ग्रॅम जास्त. गॉगलच्या एका कपाचं तोंड १५ चौरस सेंटीमीटर धरलं, तर प्रत्येक डोळ्यावर सहा किलोचं ओझं आलं. दाब वाढला की हवा त्या प्रमाणात आकसते, या बॉइलच्या नियमानं आतल्या हवेला आकसून सुमारे ७१ टक्के व्हायचं असतं. पण कप कडक, तो आकसत नाही. मग आतला दाब कमी राहतो आणि ती जागा भरायला पापण्या, कातडी, डोळ्यावरच्या नाजूक रक्तवाहिन्या आत ओढल्या जातात. एखादी केशवाहिनी फुटली की लाल डाग. पोरानं "ओढतोय" हा शब्द वापरला, तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शोभेल इतका नेमका होता.

असा डाग भीतीदायक दिसतो, पण बहुधा दुखत नाही आणि दोनेक आठवड्यांत विरतो. दुखत असेल किंवा नजर अंधुक वाटत असेल तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

यावर उपाय नाकात आहे. बुडी मारणारे लोक जो मास्क लावतात, त्यात डोळ्यांबरोबर नाकही आत असतं. खाली जाताना नाकातून थोडी हवा सोडली की मास्कमधला दाब बाहेरच्या पाण्याएवढा होतो, ओढ थांबते. गॉगलमध्ये नाक बाहेर, त्यामुळे ही सोयच नाही. मुलं फसतात ती इथं: नाक दाबून कानाचे दडे मोकळे करता येतात, कान ठीक वाटतात, आणि डोळ्यांकडे लक्षच जात नाही.

म्हणून दुकानात आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मूल किती खोल जाणार? स्पर्धेच्या तयारीत सुरुवातीला आणि वळणानंतर पाण्याखालून डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखे मारत जायचं असतं. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये १५ मीटरच्या आत डोकं वर आणावं लागतं. हा सगळा प्रवास मीटरभर खोलीवरच होतो, तिथं चांगला गॉगल पुरतो. खोल टोकाला जाऊन तळाचे विटा-रिंगा उचलायचे असतील, किंवा गावी विहिरीत बुड्या मारायच्या असतील, तर नाक झाकणारा, आत कमी हवा मावणारा मास्क घ्यावा. दोन मीटरच्या खाली गॉगल नाही, असा नियम मी आता घरात केला आहे.

गॉगल घेताना कडेचं सिलिकॉन बोटानं दाबून बघा. मऊ आणि जाडसर असेल तर ते थोडं दबतं आणि आतल्या हवेला आकसायला जागा देतं. कप उथळ असेल तर मुळात हवा कमी, म्हणून ओढही कमी. पापण्यांचे केस मात्र काचेला टेकता कामा नयेत. स्वीडिश नावाच्या गॉगलला अशी सिलिकॉनची गादीच नसते, कडक प्लास्टिक थेट हाडावर बसतं. शर्यतीला तो छान, पण बुडीसाठी नको.

मापाची परीक्षा पट्ट्याशिवाय करायची. गॉगल नुसता डोळ्यांवर हलका दाबा आणि हात सोडा. दोन-तीन सेकंद टिकला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. लगेच पडला तर कितीही महाग असो, ठेवून द्या. गळणारा गॉगल पट्टा करकचून आवळल्यानं सुधारत नाही, उलट पाण्यात उतरण्याआधीच डोळे दाबले जातात. मास्क असेल तर पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकानं किंचित श्वास ओढा, तो चिकटून राहिला पाहिजे.

रंगाचं थोडक्यात. एप्रिल-मेच्या उघड्या तलावात दुपारी गडद किंवा आरशासारखी काच, पहाटे, छताखाली किंवा विहिरीत बिनरंगाची पारदर्शक. वाफ धरते ती गरम कातडीजवळच्या दमट हवेतली वाफ थंड काचेवर बारीक थेंब होऊन बसते म्हणून. आतला वाफरोधक थर बोटानं कधी पुसू नका, तो निघून जातो. चेहरा आधी थंड पाण्यानं धुवा, काचेत थुंकी लावून विसळली तरी चालतं. चष्म्याचा नंबर थोडासाच असेल तर साध्या गॉगलनंही भागतं. जास्त असेल तर नंबरचे तयार गॉगल मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावून विहिरीत किंवा तलावात उतरू नका, पाण्यातले अकँथअमीबासारखे जीव लेन्सखाली अडकून कॉर्निया पोखरतात.

आणि पाण्याखालच्या सरावात गॉगलपेक्षाही मोठी गोष्ट श्वासाची. बुडीआधी भराभर दीर्घ श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः या वायूमुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे तितकासा नाही. त्यामुळे हाक यायच्या आधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते, तीही काही न जाणवता. चांगलं पोहणारेसुद्धा असेच बुडतात. भराभर श्वास घेऊन बुडी नाही, आणि काठावरून लक्ष ठेवणाऱ्या माणसाशिवाय बुडी नाही.

डोळा बरा झाल्यावर मास्क लावून पोरगं परत विहिरीत उतरलं. या वेळी मी शेजारीच पाण्यात होतो. खाली जाताना नाकातून बुडबुडे सोडत गेला. नाण्यापाशी पोचला, हात पुढे केला आणि मूठ पाण्यातच मिटली. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू तीन चतुर्थांश अंतरावर आणि एक तृतीयांश मोठी दिसते, म्हणून हात अलीकडेच थांबला. दुसऱ्यांदा हात वीतभर लांब नेला, तेव्हा नाणं हाताला लागलं.